घरगुती कचऱ्याचे पुनर्चक्रीकरण: महत्त्व आणि अडचणी

टाकाऊ वस्तूंपासून पुन्हा कच्चा माल मिळविण्याच्या प्रक्रियेस पुनर्चक्रीकरण म्हणतात. ही प्रक्रिया कारखान्यात घडत असली, तरी तिचे यश ठरते ते स्वयंपाकघरात. दुधाची रिकामी पिशवी धुऊन वाळविली तर तिला भंगारात मोल असते. तीच मासळीच्या पाण्यात भिजली तर निव्वळ कचरा ठरते.

घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 अन्वये प्रत्येक घराने ओला, सुका आणि घरगुती घातक असे कचऱ्याचे तीन भाग करणे बंधनकारक झाले. जुन्या बॅटऱ्या, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे आणि रंगाचे डबे या नियमांनी तिसऱ्या भागात घातले. ओल्या कचऱ्यापासून खत वा बायोगॅस मिळतो. सुक्या कचऱ्यातील काच व धातू पुनःपुन्हा वितळविता येतात. भंगारातील ॲल्युमिनियम वितळविण्यास खनिजापासून नवे तयार करण्याच्या तुलनेत सुमारे 95 टक्के कमी ऊर्जा लागते. कागदाचे तंतू मात्र प्रत्येक फेरीत आखूड होत जातात.

गोव्यासारख्या लहान राज्यात कचरा टाकण्यास मोकळी जागा मुळातच कमी. मडगावच्या सोनसोडो येथे अनेक वर्षे मिश्र कचऱ्याचा डोंगर साचत गेला. त्याला आगी लागल्या आणि धूर व दुर्गंधी परिसरातील रहिवाशांच्या वाट्याला आली. 2016 मध्ये साळगाव येथे आणि त्यानंतर काकोडा येथे आधुनिक प्रक्रिया प्रकल्प सुरू झाले. तथापि कोणतेही यंत्र भिजलेला, तेलकट कागद पुन्हा स्वच्छ करीत नाही.

अडचणी अनेक आहेत. वेफर्स व शॅम्पूच्या पुड्यांत प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांस चिकटलेले असल्याने त्या सहसा भंगारवालाही घेत नाही. असा पुनर्चक्रीकरणास निरुपयोगी सुका कचरा गोव्यातून कर्नाटकातील सिमेंट कारखान्यांत इंधन म्हणून पाठविला जातो. म्हणजे तो जळतो, परत येत नाही. पावसाळ्यात सुका कचरा कोरडा ठेवणे कठीण होते. सर्वांत मोठी अडचण विश्वासाची आहे. वेगळा करून दिलेला कचरा गाडीत एकत्र पडताना दिसला, की घरातील वर्गीकरणही थांबते.

म्हणून घराने वेगळे करणे आणि पंचायतीने अथवा पालिकेने ते वेगळेच नेणे, ही दोन्ही कर्तव्ये एकमेकांवर अवलंबून आहेत. यांपैकी एक चुकले, तर दुसऱ्याचे श्रम वाया जातात आणि कचऱ्याचा भार शेवटी कोणत्या तरी गावाच्या माथी येतो.