बारशाचा मान



सांकेतिक नावांचा इतिहास बीड जिल्ह्यात सांगायचा, तर आरंभ घरातूनच केलेला बरा. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि पाचव्या दिवशी निजामाने लढाई थांबविली. आपला जिल्हा तेव्हा त्या संस्थानात होता. सेनेने मोहिमेला 'ऑपरेशन पोलो' हे नाव दिले होते. सरकारने जगाला सांगितले ते 'पोलीस कारवाई'. पण दरसाल १७ सप्टेंबरला आपण झेंड्याला वंदन करतो ते मुक्तिसंग्रामाचे नाव घेऊन. एक नाव लपविण्यासाठी, दुसरे समजावण्यासाठी आणि तिसरे, ज्यांनी सोसले त्यांचे. नाव कोणी ठेवले व कशासाठी, यावर त्याचे आयुष्य ठरते.

हाच प्रश्न पुढे संगणकाच्या क्षेत्रात उभा राहिला. मुक्त आज्ञावली म्हणजे जिची घडण कोणीही पाहावी, सुधारावी व इतरांस वाटावी, अशी आज्ञावली. 'डेबियन' ही अशीच एक, १९९३ साली सुरू झालेली. तिची '१.०' ही आवृत्ती तयार होत असतानाच एका विक्रेत्याने अपुरे काम त्याच आकड्याने तबकड्यांवर विकून टाकले. गैरसमज टाळण्यासाठी मंडळींनी तो आकडाच सोडला आणि जून १९९६ मध्ये एकदम '१.१' काढली. तेव्हापासून घडणीत असलेल्या आवृत्तीला आधी नाव मिळू लागले. आकडा काम पुरे झाल्यावर. त्या वेळचे प्रमुख ब्रूस पेरेन्स पिक्सार या चित्रपटसंस्थेत नोकरीस होते, म्हणून 'टॉय स्टोरी'तल्या खेळण्यांची नावे आली: बझ, रेक्स, बो, हॅम. जी शाखा सदैव अस्थिर राहते तिला खेळणी मोडणाऱ्या सिड या मुलाचे नाव मिळाले. फौजेचे सांकेतिक नाव लपविते. हे नाव उघडपणे सावध करते.

पुढे प्रत्येक मंडळाने आपापली रीत पाडली. २००४ साली निघालेल्या 'उबुंटू'त नाव ठेवण्याचा मान संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी स्वतःकडे ठेवला. २००६ पासून तेथे इंग्रजी वर्णानुक्रमाने अक्षर येते आणि त्या अक्षरावरून एक विशेषण व एक प्राणी निवडतात. नक्षत्राच्या चरणावरून रासनाव काढणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना यात नवल वाटू नये. 'फेडोरा'त मात्र सभासद नावे सुचवीत, मते देत, आणि नव्या नावाचे मागच्याशी काही नाते दाखवावे लागे. २०१३ साली तेथे 'श्रोडिंगर्स कॅट' या नावाची आवृत्ती निघाली. मूळ लेखनात एका स्वरावर दोन टिंबे आणि पुढे एक लोपचिन्ह. तेवढ्याने काही उपकरणे अडखळली, कारण ती साध्या इंग्रजी अक्षरांच्याच भरवशावर होती. त्याच वर्षी 'हायझेनबग' हे नाव आले आणि फेडोराने ही प्रथा तेथेच संपविली.

दोन टिंबांची ही गोष्ट आपण हसून सोडू नये. जेथे परक्या स्वरावरचे टिंब अडते, तेथे आपली वेलांटी व जोडाक्षरे सुखरूप जातील, असे गृहीत धरता येत नाही. ती फट कोणी तरी तेथे बसून बुजवावी लागते.

आपल्या भाषांतली नावेही या क्षेत्रात आली आहेत. ज्या सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात आहे, त्या सरकारी संस्थेने डेबियनच्या पायावर 'बॉस' ही प्रणाली उभारली आणि तिच्या आवृत्त्यांना तरंग, अनंत, तेजस, सवीर, अनोखा, अनूप अशी नावे दिली. नावे गोड आहेत. पण बझ आणि रेक्स जगभर तोंडी झाले ते गोडव्यामुळे नव्हे. ती उच्चारणाऱ्या कित्येकांनी त्या आवृत्तीतली एखादी चूक स्वतः शोधली होती, एखादे पान स्वतः लिहिले होते.

आपल्याकडे बारशाला कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. तो तिला मागावा लागत नाही, कारण तिचे त्या घराशी नाते असते. मुक्त आज्ञावलीच्या घरात हे नाते कामाने जुळते, आणि तेथे दार लावलेले नाही. आष्टीचा, केजचा, अंबेजोगाईचा विद्यार्थी आज एखादी चूक दुरुस्त करील, मराठी अक्षरे नीट उमटवील, तर उद्याच्या बारशाला तो पाहुणा म्हणून जाणार नाही.