तळटीप : धाकट्या भावाला ‘कंपनीत घेतले’

लेखकाची संस्था ही मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी, आहे. तिला 2008चा स्वतंत्र कायदा लागू होतो. नवा भागीदार कसा घ्यायचा हे आपसातला करार ठरवतो. करारात ते नसेल, तर कायद्याच्या पहिल्या परिशिष्टानुसार सगळ्या भागीदारांची संमती लागते. एकाने जरी नकार दिला तरी गाडी अडते. वडिलांनी आपला नफ्याचा हिस्सा मुलाच्या नावे केला, तर मुलाला पैसे मिळतील. पण तेवढ्यावरून तो भागीदार होत नाही आणि कारभारात त्याला बोलता येत नाही. घरच्या धंद्यांत नेमका हाच गैरसमज भांडणाला कारण ठरतो.

संमतीनंतर पुरवणी करारनामा मुद्रांकावर होतो आणि 30 दिवसांच्या आत नमुना 3 व नमुना 4 निबंधकाकडे दाखल होतात. येणाऱ्याची सहीनिशी संमती त्यात हवीच. वाचकाने खरे लक्ष द्यावे ते वाटणीच्या कलमाकडे. करार गप्प असेल, तर भांडवल, नफा आणि तोटा यांत सर्वांचा हिस्सा समान धरला जातो, मग एकाने 10 लाख घातलेले असोत आणि दुसऱ्याने 50 हजार. संस्थेच्या कर्जासाठी, केवळ भागीदार आहे म्हणून, नव्या माणसाच्या घरादारावर टाच येत नाही. त्याने घातलेली रक्कम मात्र जुन्या देण्यांतही जाऊ शकते, म्हणून सहीपूर्वी ताळेबंद मागून घ्यावा. – संपा.