इराणातील तारांची चढाओढ

सन १८५७ च्या मे महिन्यात मीरतेस उठाव झाला, ती वार्ता लंडनास पोहोचावयास सहा आठवड्यांहून अधिक काळ लागला. हा विलंब इंग्रज राज्यकर्त्यांच्या मनास लागून राहिला. तांबड्या समुद्रातून टाकलेली तार १८६० पर्यंत निकामी झाली, तेव्हा त्यांची दृष्टी इराणकडे वळली. १८६३ च्या करारान्वये खानकीनपासून तेहरान, इस्फहान व शिराझमार्गे बुशहर बंदरापर्यंत तार घालण्याचे ठरले. १८६४ मध्ये कराचीहून बुशहरकडे समुद्राखालून तार आली. त्या वेळी कराची मुंबई इलाख्यातच मोडत होती. १८७० साली तर लंडन, बर्लिन, ओडेसा व तिफ्लीस या मार्गे तेहरानपर्यंत सलग तार सुरू झाली. गंमत अशी, की इंग्लंडचा हा निरोप रशियाच्या भूमीवरूनच जात असे!

तार म्हणजे नुसते खांब व तारा नव्हेत. तिच्याबरोबर ठिकठिकाणी परकी अधिकारी आले आणि आडगावची बातमी वकिलातीस मिळू लागली. त्यामुळे एका सत्तेची तार ही दुसरीस आपल्या अंगणातील कुंपणासारखी वाटे. विसाव्या शतकाच्या आरंभी हे सर्वांत तीव्रपणे दिसले ते सीस्तानात. अफगाणिस्तानला व बलुचिस्तानला लागून असलेल्या या प्रांतापर्यंत मशहदहून तार गेली, आणि तिच्या देखरेखीत रशियाने हात घातला. हिंदुस्थान सरकारला ते झोंबले. तिकडे तेहरान-मशहद तारेवरील इंग्रजांची देखरेख रशियनांना खुपत होती. १९०१ मध्ये इंग्रजांनी यझ्द व करमानमार्गे बलुचिस्तानच्या सरहद्दीकडे आणखी एका तारेचा करार केला.

अखेर ३१ ऑगस्ट १९०७ रोजी उभयतांनी इराणचे प्रभावक्षेत्रांत वाटे केले. उत्तर रशियाकडे, आग्नेय भाग इंग्लंडकडे, मधला पट्टा दोघांनाही मोकळा. त्या वाटाघाटींत वरील दोन तारांच्या देखरेखीची अदलाबदलही निघाली होती. तेहरानात तेव्हा इराणी जनतेने नुकतीच मिळविलेली मजलिस भरत होती. तिला कोणी विचारले नाही.

तथापि इराणी लोकांनी ही तार निमूटपणे परक्यांच्या हाती ठेवली होती असे मात्र नव्हे. संकटात पवित्र स्थळी आश्रय घेण्याची ‘बस्त’ नावाची त्यांची जुनी चाल. ते आता तारघरातही बस्त घेऊ लागले. तारेचे दुसरे टोक थेट शाहाच्या सिंहासनाशी आहे, अशी भोळी समजूत त्यामागे असल्याचे त्या काळच्या इंग्रज प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. समजूत भोळी खरी, पण उपयोग नेमका होता. १८९१ मध्ये इंग्रजाला दिलेल्या तंबाखूच्या मक्त्याविरुद्ध चळवळ उसळली, तेव्हा गावोगावच्या धर्मगुरूंनी एकमेकांशी तारेनेच संधान बांधले. समर्‍याहून मिर्झा शिराझी यांनी शाहाला निषेधाची तार केली. जानेवारी १८९२ मध्ये शाहाला मक्ता रद्द करावा लागला.

इंग्रजांचे ते तारखाते १९३१ साली बंद झाले व तारा इराणी सरकारकडे गेल्या.