पाठीखालची थंडी

सुट्टीवर आलो की ट्रेकवाली पोरं हमखास विचारतात, "सर, हिवाळ्यात स्पितीला जातोय, स्लीपिंग बॅग कोणती घेऊ?" मॅटबद्दल कुणी विचारत नाही. आपल्या फौजेचा इतिहास चाळला तर मॅटचा प्रश्न आधी यायला हवा.

जनरल जोरावरसिंगांची डोगरा फौज १८४१ च्या हिवाळ्यात पश्चिम तिबेटात, तकलाकोटच्या बाजूला अडकली. अलेक्झांडर कनिंगहॅमने नोंदवलंय की ऊब मिळावी म्हणून शिपायांनी बंदुकांचे लाकडी दस्ते जाळले. शिपाई स्वतःची बंदूक जाळतो म्हणजे काय, हे फौजेतल्या माणसाला समजावून सांगायला नको. १२ डिसेंबरला जोरावरसिंग लढाईत पडले.

मग १९६२. नामका चू नदीकाठी ७ इन्फंट्री ब्रिगेड. अंगावर सुती गणवेश, आणि नंतर घाईघाईने पाठवलेल्या पलटणींकडे तर माणशी एक ब्लँकेट. त्सांगधरला विमानातून टाकलेल्या सामानातलं बरंचसं दरीत जायचं. ब्रिगेडिअर जॉन दळवींनी 'हिमालयन ब्लंडर'मध्ये हे सगळं लिहून ठेवलंय. आता एका ब्लँकेटचा हिशोब करून बघा. अंगावर घेतलं तर पाठ ओल्या जमिनीला. खाली अंथरलं तर छाती उघडी. दोघांनी मिळून एक खाली, एक वर घ्यावं, तर त्यातला एक पहाऱ्यावर जाणार आणि जाताना आपलं ब्लँकेट घेऊन जाणार. २० ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला झाला तेव्हा या जवानांची धड झोप झालेली असणं शक्यच नव्हतं. दिल्लीतल्या निर्णयांवर आपण साठ वर्षं भांडतोय, ते भांडायलाच हवं. पण माझ्या मते पाठीखाली काय होतं हेही त्याच चर्चेत यावं.

कारण साधं आहे. बॅगेतली पिसं अंगाच्या वजनाने खाली दबतात, त्यांच्यातली हवा निघून जाते आणि ऊबही जाते. पाठीखाली उरते ती फक्त मॅट. मॅटवर आर-व्हॅल्यू छापलेली असते. आकडा जितका मोठा तितकी जमीन कमी उष्णता ओढते. साधी फोमची कॅरी मॅट दोनच्या आसपास असते. बर्फावर पाच किंवा जास्त हवी. दोन मॅट एकावर एक ठेवल्या की आकड्यांची बेरीज होते, म्हणून खाली फोम आणि वर हवेची मॅट ही जोडी मला सगळ्यात भरवशाची वाटते. हवेची फुटली तरी फोम राहतो. फोमला काट्याचंही भय नाही, आणि दिवसा त्यावर बसून चहा पिता येतो.

हवेची मॅट तोंडाने फुगवू नका, श्वासातली वाफ आत गोठते, पंप-पिशवी वापरा. रात्री गारठ्याने ती थोडी मऊ पडते, ते पंक्चर नव्हे. आणि पंक्चर किट झोपताना बॅगेत आपल्याजवळ ठेवा. गोंद गारठला की चिकटत नाही.