दोन अणु आणि एक इलेक्ट्रॉन

दोघां भावांत एकच विहीर असली कीं पाण्याचा प्रश्न निघतोच: पाणी पाळीनें घ्यावयाचें, कीं विहीर सामाईक समजावयाची? रसायनशास्त्रांत असाच एक तंटा कित्येक वर्षें चालला. त्यांतले भाऊ म्हणजे रुथेनियम धातूचे दोन अणु, आणि पाणी म्हणजे एक इलेक्ट्रॉन.

रुथेनियम हा प्लॅटिनमचा आप्त. कार्ल क्लाउस यांनीं १८४४ सालीं रशियांतील कझान येथें प्लॅटिनमच्या खनिजाच्या अवशेषांतून तो वेगळा काढला. आपली कथा मात्र १९५३ पासूनची. शिकागो विद्यापीठांत हेन्री टाउबे यांनीं त्या वर्षीं असें दाखविलें कीं, क्रोमियमकडून कोबाल्टकडे इलेक्ट्रॉन जातो तेव्हां कोबाल्टला चिकटलेलें क्लोरीन क्रोमियमकडे येतें. म्हणजे क्षणभर तें दोघांनाही धरून असतें. तोच इलेक्ट्रॉनचा पूल. पण काम होतांच मोडणाऱ्या पुलाची परीक्षा करावी कशी?

न मोडणारा पूल १९६९ सालीं स्टॅनफर्ड येथें कॅरोल क्रॉइट्झ आणि टाउबे यांनीं बांधला. पायराझीन नांवाच्या कड्यांत समोरासमोर दोन नायट्रोजन असतात. प्रत्येकाला त्यांनीं एकेक रुथेनियम जोडला आणि प्रत्येक रुथेनियमला अमोनियाचे पांच रेणु दिले. साऱ्या आयनाचा धनभार पांच. आतां हिशेब करा: एक रुथेनियम दोनचा नि दुसरा तीनचा, कीं दोघेही अडीच-अडीचचे? अडीच हा आंकडा रसायनवेत्त्यांच्या कानाला जरा खटकणाराच!

पुरावे दोन्हीकडून येऊं लागले. इलेक्ट्रॉन एकेक करून काढूं गेल्यास दोन पायऱ्यांत सुमारें ०.४ व्होल्टचें अंतर पडतें. म्हणजे मधली अवस्था चांगलीच स्थिर. हा आयन १५७० नॅनोमीटरच्या आसपासचा अदृश्य प्रकाश शोषतो. नोएल हश यांच्या १९६७ च्या उपपत्तीप्रमाणें, इलेक्ट्रॉन पाळीपाळीनें उड्या मारीत असता तर हा शोषणपट्टा रुंद असता आणि द्रावक बदलतांच सरकला असता. प्रत्यक्षांत तो अरुंद निघाला आणि फारसा हललाही नाहीं. उलट क्ष-किरणांनीं इलेक्ट्रॉन उडवून केलेल्या एका परीक्षेंत दोन निराळे रुथेनियम असल्यासारखे दिसले. पण त्या परीक्षेनेंच आयनाची घडी विस्कटते, असा आक्षेप आला. पुढें स्फटिकांत दोन्ही अणु सारखेच आढळले.

टाउबे यांना १९८३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आज बहुतेक अभ्यासक विहीर सामाईकच मानतात. कांहीं जण मात्र हा आयन अगदीं बांधावर उभा आहे, असें म्हणतात.