‘गुन्हा कबूल’ : दोन शब्दांचा इतिहास



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते वर्गात एकेका शब्दापाशी थांबत. सबंध तासात कवितेच्या दोनच ओळी झाल्या तरी त्यांना खंत नसे. त्यांचाच विद्यार्थी म्हणून आज मी दोन शब्दांपाशी थांबणार आहे. मी कायद्याचा पदवीधर नव्हे. या विषयाकडे मी भाषेच्या वाटेने आलो, आणि ती वाट मला माझ्या वडिलांनी दाखविली.

बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता त्या काळात वडील एका फौजदारी न्यायालयात कारकून होते. एके दिवशी एका मजुराला रात्रीची घरफोडी आणि चोरी या आरोपांवरून उभे केले. माल काय, तर पायलीभर जोंधळे. आरोप वाचून दाखविला गेला. कबूल आहे काय, असे विचारल्यावर तो कानडीत म्हणाला, ‘होय साहेब, आत गेलो, जोंधळे घेतले. दार उघडेच होते.’ दप्तरात उतरले ते एवढेच : गुन्हा कबूल. शिक्षा दोन वर्षे सक्तमजुरीची झाली.

आता भारतीय दंड संहितेचे ४४५ वे कलम पाहा. घर फोडणे म्हणजे काय, हे त्यात सहा प्रकारांनी सांगितले आहे : भिंतीला भोक पाडून, कुलूप उघडून, कोणाला धाक घालून, इत्यादी. उघड्या दारातून आत जाणे त्यांत बसत नाही. घरातील चोरीला ३८० व्या कलमाने सात वर्षांपर्यंत कैद होती, तर चोरीसाठी रात्री घर फोडल्यास ४५७ व्या कलमाने चौदा वर्षांपर्यंत. म्हणजे त्या मजुराच्या उत्तरातले शेवटचे तीन शब्द हाच त्याचा बचाव होता. त्याला ते ठाऊक नव्हते. आणि ज्यांना ठाऊक असावयास हवे होते, त्यांनी ते लिहिले नाहीत.

मग अपील? अपिलाचा हक्क आपल्याकडे इंग्लंडच्याही आधी आला, याचे मला नेहमी नवल वाटते. आपल्या १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत अपिले होती. इंग्लंडात फौजदारी अपिलांचे स्वतंत्र न्यायालय १९०७ च्या कायद्याने स्थापन झाले. परंतु आपल्या १८९८ च्या संहितेतील ४१२ व्या कलमाने एक दार लावून घेतले. आरोपीने गुन्हा कबूल केला आणि त्या कबुलीवर प्रथम वर्गाच्या मॅजिस्ट्रेटने वा सत्र न्यायालयाने त्याला दोषी ठरविले, तर अपील केवळ शिक्षेचे प्रमाण आणि तिची वैधता यांपुरतेच. १९७३ च्या संहितेत ३७५ वे कलम याच आशयाचे होते, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेतही तत्त्व तेच आहे. जो स्वतःच मान्य करतो त्याची तक्रार कसली, असा त्यामागचा विचार.

विचार रास्त आहे. पण तो सारा भार ‘कबूल’ या शब्दावर टाकतो, आणि हा शब्द मराठीत भलताच मवाळ आहे. तो मूळ अरबी, अर्थ स्वीकार. आपण भाडे कबूल करतो, लग्नाला यायचे कबूल करतो. ‘तुम्ही म्हणता ते मान्य’ एवढाच त्याचा अर्थ कित्येकदा असतो. मराठेशाहीत मिळकतीच्या वा वतनाच्या तंट्यात हरलेल्या पक्षाकडून यजितपत्र लिहून घेत. आपण का हरलो हे त्यात सविस्तर येई. त्याच्यापुढे हे दोन शब्द फारच तोकडे वाटतात.

जुन्या संहितेतील एक विसंगती मला वर्षानुवर्षे खटकत आली आहे. किरकोळ, म्हणजे समन्स खटल्यात आरोपीची कबुली ‘शक्य तितकी त्याच्याच शब्दांत’ लिहावी, असे २४३ वे कलम सांगत होते. घरफोडीसारख्या जड गुन्ह्यांच्या वॉरंट खटल्यात मात्र कबुली नोंदवावी, एवढेच. जेथे शिक्षा मोठी, तेथे शब्दांची काळजी कमी! समन्स खटल्यातील ती आज्ञा पाळणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने महंत कौशल्यादास यांच्या मद्रासकडील प्रकरणात सांगितले, तेही स्वातंत्र्यानंतर दीड तप उलटल्यावर.

कबुलीची किंमत एका शिक्षेत फिटत नसे. दंड संहितेच्या ७५ व्या कलमाने पूर्वी चोरीची शिक्षा झालेल्याला पुढच्या वेळी कितीतरी अधिक शिक्षा देता येई. त्याहून कठोर होता १९११ चा गुन्हेगार जमाती कायदा. त्याच्या २३ व्या कलमाने नोंदलेल्या जमातीच्या माणसाला, परिशिष्टात दिलेल्या गुन्ह्यांपैकी दुसरा सिद्ध होताच, विशेष कारणे नसल्यास, किमान सात वर्षे आणि तिसऱ्या वेळी जन्माचे काळे पाणी ठरले होते. म्हणजे कबुलीने दोषसिद्धी अपिलाबाहेर गेली आणि कायद्याने शिक्षाही बांधून टाकली. अपिलात मागायचे उरले काय? सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग येथे या जमातींच्या वसाहती होत्या. आपल्या भागातल्या वृद्धांना तारेच्या कुंपणाच्या त्या आठवणी होत्या. मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ साली रद्द केला, देशात तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. कायदा गेल्यावरही पोलिसांची नजर कशी राहिली, हे लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने १९८७ मध्ये मराठी वाचकाला आतून दाखविले. आम्ही ते पुस्तक वर्गात शिकवीत होतो, पण त्यातल्या कोर्टाकडे वाङ्मयाचे प्राध्यापक म्हणून आम्ही फारसे पाहिले नाही, ही माझीही चूक.

पुढे न्यायालयांनी हे बंद दार थोडे किलकिले केले. थिप्पास्वामी विरुद्ध कर्नाटक राज्य या निवाड्यात विषय निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याचा होता. सौम्य शिक्षेची आशा दाखवून कबुली घ्यावयाची आणि अपिलात शिक्षा वाढवावयाची, हे घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाशी विसंगत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. कबुली कोणत्या परिस्थितीत दिली गेली, हे तपासावयाचे दायित्व त्यामुळे वरच्या न्यायालयावर आले.

त्या मजुराचे अपील याच्या कितीतरी आधीचे. सत्र न्यायालयात वकिलाने गरिबीचा आणि लहान मुलांचा दाखला दिला. अन्य मुद्दा त्याला मांडताच येत नव्हता, कारण समोरच्या कागदावर अन्य काही नव्हते. दोन वर्षांची शिक्षा सव्वा वर्षावर आली. त्या निकालाची नक्कल करण्याचे काम वडिलांकडेच आले होते. ते सांगत, सबंध निकालात ‘दार’ हा शब्द कोठेही नव्हता.