विंडोज व्हिस्टा : नवे रूप, जुना संगणक

मायक्रोसॉफ्टची 'विंडोज व्हिस्टा' ही संगणक कार्यप्रणाली ३० जानेवारी २००७ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी उपलब्ध झाली. २००१ मधील 'एक्सपी'च्या तुलनेत तिचे रूप पूर्णतः पालटले होते. 'एरो' या नव्या मांडणीत खिडक्यांच्या कडा काचेसारख्या पारदर्शक दिसत. मात्र या देखणेपणाचा भार यंत्रावर पडे. प्रणाली चालण्यासाठी किमान ५१२ एमबी, तर 'एरो'साठी १ जीबी रॅम व सक्षम ग्राफिक्स कार्ड आवश्यक होते. नवे ड्रायव्हर न मिळाल्यास जुने प्रिंटर, स्कॅनर निरुपयोगी ठरत. त्यामुळे अनेकांनी एक्सपीच कायम ठेवली आणि २२ ऑक्टोबर २००९ रोजी आलेली 'विंडोज ७' थेट स्वीकारली.

अर्थात, थांबण्यालाही मर्यादा असते. एक्सपीला मिळणाऱ्या नियमित सुरक्षा-सुधारणा ८ एप्रिल २०१४ रोजी, तर व्हिस्टाच्या ११ एप्रिल २०१७ रोजी बंद झाल्या. अशा सुधारणांविना इंटरनेटशी जोडलेला संगणक असुरक्षित राहतो. म्हणून कार्यप्रणाली बदलताना यंत्राची क्षमता, उपकरणांचे ड्रायव्हर आणि जुन्या प्रणालीच्या सुरक्षा-सुधारणांची अंतिम तारीख तपासावी. ती मुदत शिल्लक असेल तर घाई करू नये. संपली असेल तर बदल टाळू नये. तत्पूर्वी महत्त्वाच्या फाइलींची स्वतंत्र प्रत काढून ठेवावी.